वाघ आणि बटनाचा फोन

घनश्यामनं स्मार्टफोन विकून बटनाचा फोन घेतला, ही बातमी खैरगोंदीत घरोघर पोचायला एक संध्याकाळ पुरली. पोचवली अर्थात स्मार्टफोननंच. घाटंजीच्या बाजारातून परतताना तो पानठेल्यापाशी थांबला, खिशातून काळा ठोकळा काढून वेळ पाहिली, तेवढ्यात कुणीतरी त्याचा फोटो काढून गावाच्या ग्रुपवर टाकलाही. खाली लिहिलं, 'भाऊ मागे फिरले'. त्यावर चाळीस जणांनी हसरे चेहरे टाकले. घनश्यामला त्यातलं काही दिसलं नाही, कारण दिसायचं साधनच तो मोईनच्या दुकानात देऊन आला होता.

दोन दिवस थट्टा झाली. तिसऱ्या दिवसापासून तिचं कौतुक झालं. आमच्याकडे हे असंच चालतं. माणसानं एखादी गोष्ट सोडली की का सोडली हे विचारायच्या आधी लोक त्याला साधू करून मोकळे होतात. बाया आपापल्या नवऱ्यांना सुनावू लागल्या की त्या घनश्यामभाऊकडे पाहा, पन्नाशी ओलांडलेला माणूस, पण मनावर ताबा बघा. भजनी मंडळातल्या म्हाताऱ्यांनी त्याला पुढच्या चटईवर जागा दिली. विचारेल त्याला तो एकच सांगे, "डोळे दुखत होते बापा."

डोळे काही दुखत नव्हते. दुखत होतं ते आत, आणि त्याची सुरुवात झाली होती दिवाळीनंतरच्या कापसात.

त्या वर्षी घनश्यामची नाल्याअलीकडची सहा एकर पऱ्हाटी एकदम फुटली. धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, पाहिलं तर वावरभर पांढरंच पांढरं. असं दिसलं की शेतकऱ्यानं खूश व्हावं, पण वेचायला बाया नसतील तर त्याच पांढऱ्याकडे बघवत नाही. फुटलेला कापूस झाडावर राहिला की वाऱ्यानं गळतो, दवानं पिवळा पडतो, काडीकचरा धरतो. आणि गावात वेचणाऱ्या बायांची धड टोळी एकच, हंसाबाईची. अकरा जणी, हातानं चलाख आणि जिभेनं त्याहून.

ती टोळी तेव्हा नाल्यापलीकडे जलालभाईच्या वावरात होती. तिथे सीतादही झाली होती. पहिल्या वेचणीच्या दिवशी बाया वावरातच पाच खडे मांडतात, हळदकुंकू वाहतात, दहीभाताचा नैवेद्य दाखवतात आणि मग पहिला कापूस ओटीत घेतात, तिला आमच्याकडे सीतादही म्हणतात. जलालभाईकडे दही त्याची बायको हुस्नाबी स्वतः विरजून आणायची आणि पूजा हंसाबाई करायची. वर्षानुवर्षं असंच चालत आलेलं, त्यात कुणाला काही वेगळं वाटत नसे. आता हंसाबाईच्या टोळीचा नियम असा, की ज्याच्या वावरात सीतादहीचा भात खाल्ला, त्याचा पहिला वेचा पुरा झाल्याशिवाय दुसऱ्याच्या वावरात पाय ठेवायचा नाही.

घनश्यामनं तिला रस्त्यात गाठलं.

"हंसाबाई, किलोमागे दोन रुपये जास्त देतो. चार दिवस माह्याकडे या."

"दोन नाई, दहा द्या, तरी नाई येत," हंसाबाई म्हणाली. "दहीभात खाल्ला ना आमी तिथं. जलालभाईचं झालं का तुमच्याकडेच येतो. आठ दिवस धीर धरा, भाऊ."

आठ दिवस धीर धरून घनश्यामचं काही बिघडलं नसतं. पण तो धुऱ्यावर जाऊन बसला आणि त्यानं फोन काढला. पोरानं, अक्षयनं, पुण्याहून आणून दिलेला मोठ्या काचेचा फोन. रिकाम्या माणसाच्या हातात असा फोन म्हणजे माकडाच्या हाती कोलीत. बोटानं वर सरकवता सरकवता एक वाघ समोर आला. कुठल्याशा नाल्यातलं पाणी तो आरामात ओलांडत होता, मागे घाणेरीची झुडपं, वर पळसाची दोन झाडं. कुठला होता आणि कधीचा होता, देव जाणे. पण नाले काय, सगळीकडे सारखेच.

घनश्याम वाईट माणूस नव्हता. वाईट माणसानं याला एक मिनिट लावलं असतं, यानं चांगली पंधरा मिनिटं घातली. चार दिवसांचा तर प्रश्न आहे, असं त्यानं स्वतःला समजावलं. जलालभाईचा कापूस काय चार दिवसांत पळून जातो का, असंही समजावलं. मग अंगठ्यानं लिहिलं, 'आज पहाटे. जलालभाईच्या वावराखालचा नाला. बाया-लेकरांनी तिकडे जाऊ नये.' पुढे जोडलेले दोन हात टाकले आणि त्या व्हिडिओसकट गावाच्या ग्रुपवर पाठवून दिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता हंसाबाईची टोळी त्याच्या धुऱ्यावर उभी.

"देवासारखं सांगतलं भाऊ तुमी," हंसाबाई म्हणाली. "काल दुपारी आमी त्याच नाल्यात भाकरी खाऊन राह्यलो होतो. जलालभाईच म्हणले, नका येऊ बायांनो, जीव पह्यले."

घनश्याम "हाव" म्हणाला आणि पाण्याची कळशी भरायला गेला. खरं सांगायचं तर त्या दिवशी त्याला लाज थोडी वाटली आणि आपली हुशारीच जास्त वाटली.

त्याचा हिशोब असा, की वाघ चार दिवसांत विसरला जाईल. पण टिपेश्वरचं जंगल आमच्यापासून फार लांब नाही. दोन वर्षांमागे शेजारच्या शिवारात खरोखरच एक गोऱ्हा वाघाच्या तोंडी गेला होता. अशा मुलखात वाघ म्हटलं की लोक पुरावा मागत नाहीत, पुरावा आणून देतात. चौथ्या दिवशी एकाला ठसे दिसले. सहाव्या दिवशी एकानं डरकाळी ऐकली, आणि त्याच्या बायकोनंही ऐकली. वनरक्षक येऊन नाला वरखाली फिरला, ठसे कुत्र्याचे आहेत म्हणाला, तर गावानं ठरवलं की हे लोक नेहमी लपवतात. जलालभाई आणि हुस्नाबी दोघंच रोज थाळी वाजवत नाला ओलांडायचे, दिवसभर वेचायचे आणि संध्याकाळी धडधाकट परत यायचे. त्यावरून वाघ नाही असं कुणाच्या मनात आलं नाही. नवराबायकोचं नशीब थोर, एवढंच आलं.

पहिला वेचा झाल्यावरही टोळी नाल्यापलीकडे गेली नाही. घनश्यामनं मग तो मेसेज पुसायचा प्रयत्न केला, तर सगळ्यांच्या फोनमधून पुसायची मुदत केव्हाच संपलेली. त्याच्या एकट्याच्या फोनमधून वाघ गेला, बाकी गावाच्या फोनमध्ये राहिला.

इथवर सुद्धा घनश्यामनं पचवलं असतं. माणूस बरंच पचवतो. पण डिसेंबर लागला, दुसऱ्या वेच्याला टोळी पुन्हा त्याच्या वावरात आली, आणि त्याला अकराऐवजी बारा जणी दिसल्या. बारावी होती उर्वशी, हंसाबाईची नात. तिचे आईबाप लोहाऱ्याच्या एमआयडीसीत कामाला, धाकट्या भावाला घेऊन तिथेच खोली करून राहत. ही आजीजवळ राहून दहावीत शिकत होती. शाळा जांबगावला, नाल्यातून तीन किलोमीटर. डांबरी रस्त्यानं फिरून गेलं तर नऊ, आणि त्या रस्त्याला एसटी नाही.

पोरगी कमरेला ओटी बांधून पऱ्हाटीच्या तासात, दोन ओळींमधे, वेचत होती आणि ओठातल्या ओठात काहीतरी पुटपुटत होती. घनश्यामला वाटलं गाणं असेल. जवळ गेला तर ती विज्ञानाच्या व्याख्या म्हणत होती.

"शाळा नाई का व आज?" त्यानं विचारलं.

"नाल्यातून जाऊ देत नाई ना आजी. शपथ घातली तिनं." मग बोंडातला कापूस काढता काढता तिनं विचारलं, "काकाजी, वाघ एका जागी किती दिवस राह्यते?"

 घनश्याम बैलाला पाणी दाखवायचं निमित्त करून निघून गेला आणि विहिरीमागे बराच वेळ बसला. एवढंसं लेकरू, आणि आपण त्याच्या शाळेच्या वाटेवर वाघ बसवला, या विचारात दुपारची भाकरी फडक्यात बांधलेलीच राहिली.

त्यानंतरच्या बाजारी त्यानं फोन विकला. सगळा दोष त्याला त्या काचेतच दिसत होता. नाचता येईना अंगण वाकडं, तसं. मोईननं जुना फोन उलटासुलटा करून पाहिला.

"भाऊ, नया जैसा आहे. कायले विकता? बरं, यातले सारे नंबर बटनवाल्यात टाकून देऊ का? अर्धा घंटा लागन."

"घरचे चार टाक फक्त," घनश्याम म्हणाला. त्याला त्या फोनजवळ आणखी अर्धा तास थांबायचं नव्हतं.

तर असा तो साधू झाला. नव्या फोनमध्ये ग्रुप नव्हता, व्हिडिओ नव्हता, वाघ नव्हता. पण गावात होताच. आणि आता वर गावाची वाहवाही होती, ती तर त्याला जास्तच टोचायची. जलालभाई एकदा रस्त्यात भेटला, हातात हात घेऊन म्हणाला, "तुमच्या मेसेजनं बाया सावध झाल्या, भाऊ. काही झालं असतं तर माह्याच वावरावर आलं असतं." हुस्नाबीची कंबर धरली आहे, वाकता येत नाही, निम्मा कापूस गळून मातीत गेला, हे त्यानं तक्रार म्हणून नाही, नुसतं खुशाली सांगावी तसं सांगितलं. घनश्याम त्या रात्री जेवला नाही. इंदूबाईनं, त्याच्या बायकोनं, विचारलं की तब्येत बरी नाही का. तो म्हणाला, बरी आहे.

कबूल करायचं त्यानं कितीदा तरी ठरवलं. सकाळी ठरवायचा आणि पहिल्या माणसानं "या भाऊ" म्हटलं की उद्यावर ढकलायचा.

आणि अशातच हंसाबाई त्याच्याकडे मजुरी न्यायला आली आणि बोलता बोलता म्हणाली, "आता उर्वशीची मदत नाई होनार. सोमवारी तिचा बाप येऊन राह्यला न्याले. शाळा तं सुटलीच. तिथं भावाले सांभाळन, सैपाक करन, मायले बरं पडन."

"अवं पन दहावी हाये ना तिची."

"हाये ना. रडते रातभर. पन मी तिले वाघाच्या तोंडी देऊ का भाऊ?"

आता सांगावं. आत्ताच सांगावं. घनश्यामचं तोंड उघडलंसुद्धा, आणि त्यातून निघालं ते भलतंच.

"तिच्या बापाले फोन करा, नको येऊ म्हना. मी नेऊन देतो तिले शाळेत. रोज. अन् घेऊन बी येतो."

हंसाबाईच्या डोळ्यांत पाणी आलं. ती वाकून त्याच्या पायाला हात लावायला गेली, तो दोन पावलं मागे सरला. तिनं आपल्या पोराला, उर्वशीच्या बापाला, फोन केला. पोरगा म्हणाला, घनश्यामकाका संग जात असतील तर राहू दे तिला.

मग रोज सकाळी घनश्याम हातात काठी घेऊन पुढे आणि उर्वशी दप्तर घेऊन मागे, अशी जोडी नाल्यात उतरू लागली. संध्याकाळी परत. एका खेपेला जाऊन-येऊन सहा किलोमीटर, असे दिवसाला बारा. त्याचे गुडघे ओरडायचे, पण त्या दुखण्यानं त्याला बरंच वाटायचं. वाटायचं, फिटतंय काहीतरी. गावाचं काय विचारता. दुसऱ्याच्या पोरीसाठी वाघासमोर छाती करून जाणारा माणूस, अशी त्याची कीर्ती जांबगावपर्यंत गेली. शाळेतल्या बाईंनी वर्गासमोर त्याचं नाव घेतलं. करायला गेला गणपती अन् झाला मारुती, आणि या मारुतीला रोज नवा शेंदूर चढत होता.

उर्वशी मागून चालता चालता त्याला गोष्टी सांगायची. परिचारिका व्हायचं आहे, यवतमाळच्या कॉलेजात जायचं आहे, बुडालेला गणिताचा भाग एका मैत्रिणीच्या वहीतून उतरवून घेते आहे. तो "हाव, हाव" करायचा. कधी कधी तिचा आनंद पाहून तो विसरायचाही, की हे सगळं त्यानंच आधी हिसकावलं होतं.

जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात घाटंजीच्या खरेदी केंद्रावर कापसाची गाडी लावायचा नंबर लागला. आदल्या संध्याकाळी निरोप आला, पहाटेच गाडी भरून निघावं लागलं. घाईत त्याच्या डोक्यातून एक गोष्ट साफ निसटली. त्या दिवशी उर्वशीची सराव परीक्षा सुरू होणार होती. पहिला पेपर.

घाटंजीला गाड्यांची रांग चौकापर्यंत आलेली. नऊच्या सुमाराला त्याचा फोन वाजला. पडद्यावर नाव नाही, नुसता नंबर. विम्यावाले असतील किंवा कर्जवाले, असं म्हणून त्यानं कापला. पुन्हा वाजला, पुन्हा कापला. दहापर्यंत तोच नंबर सहादा आला. शेवटी त्यानं वैतागून फोन ड्रायव्हरच्या सीटखाली टाकून दिला आणि चहा प्यायला गेला.

तिन्हीसांजेला घरी आला तेव्हा इंदूबाई दारातच होती.

"कुठं होते तुमी? हंसाबाईनं सहादा फोन केला. पोट्टी युनिफॉर्म घालून आपल्या ओट्यावर बसून होती सकाळपासून. म्या म्हणलं, जा व एकटी, काई नाई होत. तं आजीची शपथ हाये म्हणते. बारा वाजेपर्यंत बसली, मंग उठून गेली."

घनश्यामनं फोन काढला. सहा वेळचा तो नंबर हंसाबाईचा होता. जुन्या फोनमध्ये तिचं नाव होतं, नव्यात त्यानं टाकूनच घेतलं नव्हतं. अर्धा तास वाचवला होता. तो ओट्यावर बसला, जिथे ती बसली होती तिथेच.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो वेळेच्या आधीच हंसाबाईच्या दारात गेला. हंसाबाई रागावली नव्हती. "कामाधंद्याचा मानूस, होते असं," म्हणाली. उर्वशी दप्तर घेऊन निघाली. गोष्टी सांगितल्या नाहीत. नाल्याच्या मधोमध, जिथे पाण्याची पातळ धार दगडांवरून जाते, तिथे घनश्याम थांबला.

"उर्वशी, थांब जरा."

ती थांबली.

"या नाल्यात वाघ नाई."

"आज नाई?"

"कधीच नवता. तो व्हिडिओ इथला नवता. म्या टाकला, खोटं लिहून टाकला. जलालभाईकडच्या बाया माह्याकडे याव्या म्हनून."

उर्वशीनं त्याच्याकडे पाहिलं. त्याला वाटलं ती रडेल, किंवा दगड उचलून मारेल. मारला असता तर बरं झालं असतं. ती मनात काहीतरी मोजत होती.

"एकोणतीस दिवस," ती म्हणाली. "अन् कालचा एक. मी कॅलेंडरवर खुणा केल्या हायेत."

"मले माफ कर बेटा."

"मंग तुमी रोज संग कायले येता?"

याचं उत्तर घनश्यामनं शोधलं. तुझ्या शाळेसाठी, असं म्हणता आलं असतं, पण तेही खोटंच होतं. तो येत होता स्वतःच्या मनाला बरं वाटावं म्हणून. पोरीला वाघाच्या भीतीतून काढायचं असतं तर एक वाक्य पुरलं असतं, आणि ते सोडून त्यानं बारा बारा किलोमीटर पाय तोडले होते. 

"आजीले तुमीच सांगा," उर्वशी म्हणाली. "म्या सांगतलं तं म्हनन, शाळेसाठी खोटं बोलते. तुमचं ऐकते गाव." तिनं दप्तराचा पट्टा वर ओढला. "अन् उद्यापासून नका येऊ संग. मले नाई पायजे."

ती पाणी ओलांडून पलीकडचा चढ चढली आणि एकटी शाळेच्या वाटेला लागली. तिनं एकदाही मागे पाहिलं नाही. घनश्याम ती दिसेनाशी होईपर्यंत उभा राहिला. त्याला आधी वाटलं होतं, सांगून टाकलं की हलकं वाटेल. तसं काही वाटलं नाही.

टोळी त्या दिवशी त्याच्याच वावरात होती, तिसऱ्या वेच्याला. तो थेट तिथे गेला. हंसाबाईला बाजूला बोलवावं असा एक चोरटा विचार आला, तो त्यानं दाबला आणि तासांच्या मधे उभा राहून अकरा जणींना ऐकू जाईल असं सगळं सांगितलं. व्हिडिओ, दोन रुपये, सीतादही, सगळं. आधी एक जण हसली, तिला थट्टा वाटली. मग कुणी हसलं नाही.

हंसाबाईचे हात ओटीतल्या कापसात तसेच राहिले.

"म्या तिले शपथ घातली, घनश्यामभाऊ," ती म्हणाली. "माही. तू नाल्यात गेली तं मी मरन म्हणलं. ती पाया पडत होती माह्या."

"चुकलं हंसाबाई. लय चुकलं."

"अन् म्या तुमच्या पायाले हात लावाले वाकली होती."

 एका तरुण बाईनं कमरेचा फोन काढला. "माह्या फोनवरून टाका ना ग्रुपवर. वाघ नाई म्हनून लिवून टाका, झालं."

"नाई," हंसाबाई म्हणाली. "इतके दिवस सारे ऐकून राह्यले, वनरक्षक म्हणला तरी कोनी मानलं नाई. फोनवर आलेलं कोनी मानन आता? तुमच्याजवळ तं फोन बी नाई राह्यला. तुमी पायानं जा. एकशे बारा घरं हायेत गावात. दरेक घरी जाऊन तोंडानं सांगा, जसं आमाले सांगतलं तसं. पह्यले जलालभाईकडे."

"जातो."

"जा. आमी वेचतो. आमची मजुरी आमी सोडत नाई." आणि ती पाठ फिरवून पुढच्या झाडाला लागली. बाकीच्या दहा जणीही.

जलालभाई घरीच होता. हुस्नाबी बाजेवर पालथी पडलेली आणि तो विटकर गरम करून, फडक्यात गुंडाळून तिची कंबर शेकत होता. घनश्यामला पाहून त्यानं डाव्या हातानं स्टूल पुढे सरकवलं.

"या भाऊ. बसा."

घनश्याम बसला नाही. उभ्यानंच सांगितलं. तिसऱ्यांदा सांगायला सोपं जाईल असं वाटलं होतं, पण हुस्नाबीनं बाजेवरून मान वळवून त्याच्याकडे पाहिलं. उरलेलं त्यानं कसंबसं संपवलं.

 वीट थंड झाली होती, ती जलालभाईनं बाजूला ठेवली. घनश्याम शिव्यांची वाट पाहत होता. त्यानं त्या मनात म्हणूनही ठेवल्या होत्या, कोणत्या येतील त्या.

"बायांचं वचन मले होतं ना, भाऊ," जलालभाई म्हणाला. "म्या मोकळं केलं असतं त्याईले. तुमचा कापूस गळून राह्यला होता, मले काय दिसत नवतं? मी वाट पाहून राह्यलो होतो, आज म्हणतीन, उद्या म्हणतीन. मधे एक नाला तं होता आपल्या. एक आवाज द्यायचा होता."

त्यानं वीट उचलली आणि पुन्हा चुलीत ठेवायला आत गेला. हुस्नाबीनं मान पलीकडे वळवली.

घनश्याम बाहेर आला. हात खिशात गेला, फोनला लागला, तसाच परत बाहेर निघाला. पलीकडच्या घराचं दार उघडं होतं. आत जेवणं चालली होती. त्याला उंबऱ्याशी पाहताच घरधनी ताटावरून अर्धा उठला आणि आनंदानं म्हणाला, "या भाऊ, या. बसा जेवाले."

"बसत नाई," घनश्याम म्हणाला. "पह्यले ऐकून घ्या."